धाकू पाष्टेची खंडेनवमी

सूड वाईट, माफ करणारा मोठा, असं मी बत्तीस वर्षं डोंबिवलीतल्या एका शाळेत मुलांना शिकवलं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही काढला. निवृत्त झाल्यावर धाकू पाष्टेने घेतलेला सूड मी दोन हातांवरून पाहिला आणि मला तो भयंकर आवडला. त्यातला माझा वाटा माझ्या पदरात पडेपर्यंत तरी आवडला, हेही आत्ताच सांगून टाकतो.

धाकू मेकॅनिक. मूळचा गुहागरकडचा, राहायला डोंबिवलीजवळच्या दिवा गावात. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अण्णांचं गॅरेज आहे, तिथे तो अकरा वर्षं होता. अण्णा म्हणजे मालक. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हाताखाली सहा माणसं. त्या सहांत धाकू सगळ्यात कमी बोलणारा. बॉनेट उघडायच्या आधी तो त्यावर तळहात ठेवून क्षणभर थांबायचा. एकदा मी चेष्टेने विचारलं, "काय रे, ताप बघतोस?" तर म्हणाला, "हो सर. न विचारता कशाला उघडायचं?"

बदललेला जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्या धंद्यातला रिवाज. खरंच बदललाय याचा तो पुरावा. धाकू नुसता पार्ट देऊन थांबायचा नाही, तो का गेला हेही समजावत बसायचा. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. मी मान डोलवायचो.

२०१८ च्या नवरात्रात, सप्तमीला, मी आणि बायको चित्रा ठाण्याला टेंभी नाक्याची देवी बघायला निघालो. आठच दिवसांपूर्वी धाकूने गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, बदलून दिलं होतं. हमरस्त्यावर गाडी छान पळाली. जांभळी नाक्यापासून मात्र गर्दीत पाऊल पाऊल सरकायला लागली. भर दुपारी, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. टेंभी नाक्याच्या मंडपाची कमान दिसली आणि त्याच वेळी बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. गाडी आचके देऊन बंद पडली. चित्रा साडीचा पदर नाकाला लावून बाहेर पळाली. मी काट्याकडे पाहिलं. तापमानाचा काटा मध्यावर, शहाण्या मुलासारखा शांत उभा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी इंजिन उघडलं. वरचं हेड तापून वाकलं होतं आणि खालचं गॅस्केट जळालं होतं. अण्णांनी सगळ्यांकडे नजर फिरवली आणि विचारलं, "कूलंट कुणी भरलेलं?"

"मी," धाकू म्हणाला. "पाण्यात अडकलेली हवा नीट काढलेली, अण्णा." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "सर, गाडी उकळली तेव्हा काटा कुठे होता?"

"मध्ये," मी म्हणालो.

"बघा ना अण्णा. पाणी उकळतंय नि काटा मध्ये? टेंपरेचरचा सेन्सर खोटं सांगतोय. रेडिएटरचा पंखा त्याच्याच भरवशावर फिरतो. ह्याने गार सांगितलं की पंखा झोपून राहतो. हायवेला वारा लागतो म्हणून कळत नाही, ट्रॅफिकमध्ये गाडी उकळते. काढून उकळत्या पाण्यात घालू, मीटर लावू. दहा मिनिटांचं काम आहे."

अण्णा हसले. "हवा तू ठेवलीस. सेन्सरभोवती पाणी नव्हतं, हवा होती, म्हणून काटा चढला नाही. तीस वर्षं गाड्या उघडतोय मी. तू मला शिकवतोस होय रे?"

अण्णांचं बोलणं मला पटलं. पांढऱ्या शर्टातल्या माणसाचं मला लवकर पटतं. मी धाकूला नाही नाही ते बोललो. बायको होती गाडीत, काही झालं असतं म्हणजे? तुझ्या हाताखाली इंजिनं जळतात, तुला पाना कुणी दिला हातात? असं सगळं. तो खाली बघून ऐकत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजात हत्यारांची पूजा. सगळे पाने, पकडी, गोटीपाने, मीटर घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांतल्या एकालाही कुणी हात लावत नाही. गाडी दारात पेटली तरी नाही. त्या दिवशी हत्यार देवीचं. अण्णा दर वर्षी जुन्या गिऱ्हाइकांना शिऱ्याच्या प्रसादाला बोलवायचे. तसा मीही गेलो होतो. पंचवीस-तीस माणसं असतील. प्रत्येक कामगाराने आपापली हत्यारं आणून पाटावर ठेवली होती. धाकूची खाकी पिशवी उजव्या कोपऱ्यात होती.

अण्णा पूजेला बसले, पिशवी बघितली आणि उठले. दोन बोटांनी तिचा बंद धरून ती उचलली, दाराबाहेर चपलांचा ढीग होता त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजिन जाळणाऱ्याची हत्यारं देवीसमोर नकोत. बरोबर ना, सर?"

मी मान डोलावली.

धाकूने काही आदळआपट केली नाही. तो बाहेर गेला, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्याशी थांबला. "अण्णा, धाकूची चूक नव्हती, हे तुमच्याच तोंडून बोलवून घेईन," तो म्हणाला. "ह्याच दारात, ह्याच लोकांसमोर. माझ्यापेक्षा लहान आवाजात नाही." एवढं बोलून गेला. आम्ही शिरा खाल्ला.

त्या वाक्यासाठी त्या माणसाने पाच वर्षं काढली. अण्णांचा शब्द त्या धंद्यात वजनदार. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण, कुठेही काम मागायला गेला तरी त्याच्याआधी त्याची बदनामी पोचलेली असायची. शेवटी दिव्यातच त्याने पत्र्याचं एक शेड घेतलं. दिव्याला पाण्याची ओरड, त्यामुळे टँकरना मरण नाही. त्या टँकरची इंजिनं तो उघडायला लागला. टँकरवाल्यांना पूजेबिजेशी घेणं नव्हतं, पाणी वेळेवर पोचलं म्हणजे झालं.

इकडे माझी गाडी अण्णांनी नवं हेड गॅस्केट घालून दिली. पुढच्या मे महिन्यात ती कल्याणला, शिवाजी चौकात, पुन्हा उकळली. काटा पुन्हा मध्ये. अण्णा म्हणाले, इंजिनाचं वय झालं, काढून टाका.

"ह्या वेळी कूलंट कुणी भरलं होतं?" चित्राने विचारलं.

"अण्णांनी स्वतः."

"आणि हवा?"

"तीही त्यांनीच काढली. तुला गाडीतलं काय कळतं?"

"मला कळत नाही म्हणूनच विचारते हो," ती म्हणाली आणि आत गेली. मी एका एजंटाला गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकली.

ती धाकूने घेतली, हे मला फार उशिरा समजलं. भिवंडीपासून बदलापूरपर्यंतच्या एजंटांना त्याने माझ्या गाडीचा नंबर देऊन ठेवला होता. गाडी हातात आली त्याच दिवशी त्याने तो सेन्सर काढला, उकळत्या पाण्यात घातला, मीटर लावला, आणि त्याला पाहिजे होतं ते दिसलं. बोटाएवढा पितळी तुकडा. दुसरा कुणी असता तर नवा घालून मोकळा झाला असता. धाकूने तोच पुन्हा बसवला. गर्दी लागली की तो खाली उतरायचा आणि सेन्सरचा प्लग हाताने उपटायचा. सेन्सर सापडत नाही म्हटल्यावर गाडीचा कॉम्प्युटर घाबरतो आणि पंखा लावूनच टाकतो. अशी ती गाडी त्याने चालवली. सगळी वर्षं त्याने तो रोग पाळला.

२०२३ च्या नवरात्रात मला फोन आला.

"सर, धाकू बोलतोय. नवमीला अण्णांच्या पूजेला या. अकरा वाजता. तुम्ही पाहिजेतच."

आवाज इतका मऊ होता की जाऊ नये असंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, उत्सुकताही होती. अण्णांनी मला खर्चात घालून वर गाडी विकायला लावली होती, त्याचा राग माझ्याही मनात होताच. मी साडेदहालाच जाऊन बसलो.

पूजा झाली. पाट हत्यारांनी भरलेला, त्यावर झेंडू. माणसं जवळपास तीच, काहींचे केस कमी झालेले. चहाचं मोठं पातेलं शेगडीवर चढलं आणि तेवढ्यात माझी जुनी गाडी फाटकातून आत आली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. बाहेरच्या कोपऱ्यावर त्याने ती अर्धा तास नुसती चालू ठेवली होती, हे मला नंतर कळलं. धाकू उतरला. स्वच्छ शर्ट, हात रिकामे.

"कशाला आलास?" अण्णांनी विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणून आलोय. सरांची गाडी, ओळखलीत ना? उकळतेय. काटा बघा या, सगळ्यांनी बघा. मध्ये आहे."

लोक उठून बघायला गेले. काटा मध्ये होता आणि बॉनेटखाली पाणी बुडबुडत होतं. धाकूने फडक्याने बॉनेट वर केलं, आत हात घालून एक प्लग उपटला. पंखा घूंऽ करून सुरू झाला. "मोटर चांगली, वायर चांगली," तो म्हणाला. "मग हा आपणहून का फिरत नाही, अण्णा?"

"आत हवा असेल. तुझी सवय."

"बघा मग."

"उद्या ये. आज नवमी आहे, हत्यारं पूजेत आहेत."

ते अगदी बरोबर होतं. मी अण्णांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो आणि सुटलो असतो. धाकू लोकांकडे वळला. "बरोबर बोलतायत अण्णा. आपण चुकलो असू अशी भीती वाटत असेल तर उद्याच बघावं. उद्या ही मंडळी नसतील."

कुणीतरी हसलं. अण्णांचे कान लाल झाले. "गार होऊ दे गाडी," ते म्हणाले. "तुझ्यासमोरच उघडतो."

तासभर कुणी तिथून हललं नाही. प्रसाद वाटला गेला, द्रोण रिकामे झाले, इंजिनाची धग कमी होत गेली. धाकू भिंतीला टेकून उभा होता. अण्णा खुर्चीत बसून पाटाकडे बघत होते. त्या तासात ते केव्हाही नाही म्हणू शकले असते, मी मनात म्हणत होतो की म्हणू नका. मला ते हवं होतं. देवीसमोर बसून मी ते मागत होतो.

अण्णा उठले, पाटाजवळ गेले आणि एकोणीस नंबरचा पाना उचलला. त्याला चिकटलेलं हळदकुंकू त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागलं.

"अण्णा, नवमी," त्यांचा सगळ्यात जुना कामगार हळूच म्हणाला.

"गप रे!"

त्यांनी सेन्सर सोडवला. मीटरही पाटावरूनच घेतला. धाकूने खिशातून नवा सेन्सर काढून समोर धरला. "आधी हा घाला. आकडे सर वाचतील. शिकलेले आहेत."

शेगडीवर आता चहाऐवजी नुसतं पाणी खळखळत होतं. पाणी जितकं गरम तितका मीटरवरचा आकडा खाली यायला पाहिजे, एवढं धाकूने सगळ्यांना समजावून सांगितलं. नव्या सेन्सरचा आकडा बाहेर हवेत एकोणीसशे होता. पाण्यात बुडवल्यावर सरसर उतरून एकशे नव्वदवर आला. मग अण्णांनी जुना बुडवला. बाहेर हवेत तोही एकोणीसशेच दाखवत होता, म्हणजे वरवर काहीच खोट नाही.

"नऊशे," मी वाचायला लागलो. "सहाशे. साडेचारशे. तीनशे ऐंशी."

"पुढे?"

"तीनशे ऐंशी."

"नीट बघा, सर. अजून पाणी उकळतंय."

"तीनशे ऐंशीच आहे."

त्याने मला ते पाच वेळा वाचायला लावलं. "शंभरावर उकळतंय पाणी," धाकू म्हणाला, "आणि हा बाबा सांगतोय सत्तर-पंचाहत्तर. सांगेल तेवढंच गाडीला कळणार. हवा कुठे आहे यात, अण्णा?"

नवा सेन्सर घेऊन अण्णा गाडीकडे वळले आणि हाताखालच्या माणसाला हाक मारली. एकही जण पुढे आला नाही. पूजेतल्या पान्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मग अण्णांनी स्वतःच वाकून तो बसवायला घेतला आणि शेजारी उभा राहून धाकू सांगत होता. "जुना वॉशर नको, नवा घाला. आधी हाताने फिरवा. फार आवळू नका, ॲल्युमिनियम आहे, आटे जातील. आता प्लग. आता कूलंट, आणि हवा काढा. नीट काढा." पासष्ट वर्षांचा माणूस, ज्याच्या शर्टाला कधी डाग नव्हता, कोपरापर्यंत हिरवा झाला होता. मला तेव्हा दया यायला हवी होती. मला पोटभर आनंद होत होता.

गाडी चालू केली. सगळे गोल करून उभे राहिले. काटा हळूहळू चढला, मध्यावर आला, मध्याच्या वर सरकला, आणि कुणीही हात न लावता पंखा फिरायला लागला. मिनिटभराने काटा खाली आला, पंखा थांबला. पुन्हा चढला, पुन्हा फिरला. तीनदा झालं.

"बोला," धाकू म्हणाला.

अण्णांनी हात पुसले. "धाकूची चूक नव्हती."

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"धाकूची चूक नव्हती!" अण्णा ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग आवाज उतरला. "जा, आण तुझी हत्यारं. मी माझ्या हाताने पाटावर ठेवतो."

"माझी पूजा सकाळीच झाली, अण्णा. दिव्याला. हत्यारं पाटावर आहेत, म्हणून तर मोकळ्या हाताने आलो." तो पाटाकडे बघत होता, तिथे झेंडूंच्या मधोमध दोन हत्यारांच्या जागा उघड्या पडल्या होत्या. "आज पान्याला हात मी नाही लावला."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या गॅरेजात नवमीची पूजा मोडली नव्हती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली होती, तीस माणसांदेखत, आणि ती मोडून दुसऱ्याचं खरं करून दाखवलं होतं. धाकू याच दिवशी का आला, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. अकरा वर्षं त्याने गाड्यांबरोबर मालकही ऐकला होता. तो गाडीत बसला तेव्हा मी खिडकीशी जाऊन "शाब्बास, धाकू!" म्हणालो. त्याने काच वर केली.

चार महिन्यांनी माझी नवी गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. अण्णांकडे जायचा प्रश्नच नव्हता. चित्रा म्हणाली, धाकूकडे न्या, पण आधी नीट बोला त्याच्याशी. मी दिव्याला गेलो. शेडसमोर चार टँकर उभे होते, ड्रायव्हर चहा पीत होते. धाकूने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. गाडी चालू करायला लावली आणि पाच पावलांवरून, हात पाठीमागे बांधून, ऐकली.

"तिसऱ्या सिलिंडरचा कॉइल गेलाय, सर. कुणालाही सांगा, पंधरा मिनिटांत बदलेल."

"कुणालाही कशाला? तूच बदल की."

"नाही."

"अरे, झालं गेलं विसर ना आता. अण्णांनी कबूल केलं सगळ्यांसमोर, तुझं नाव निघालं..."

"अण्णांनी दोनदा बोलून दाखवलं," धाकू म्हणाला. "तुम्ही अजून एकदा पण नाही बोललात."

ड्रायव्हर चहा प्यायचे थांबून आमच्याकडे बघत होते. एक वाक्य होतं. अण्णांसारख्या माणसाला ते जमलं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं तर, "तेव्हा मला त्यातलं काय कळत होतं, धाकू?"

त्याने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला. "माझ्या हाताखाली इंजिनं जळतात, सर. तुम्हीच बोललेलात. दुसरीकडे न्या," तो म्हणाला आणि टँकरच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला.

डोंबिवलीला परत येईपर्यंत गाडी धडधडत होती. वाटेत काचा वर करून मी ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. अगदी स्पष्ट म्हणता आलं. गाडीत मी एकटाच होतो.